अंबुलीचे शेंडे

शकूवन्सं, या, अशा जवळ बसा. तिथं दारात पाहुण्यासारखं टेकू नका. आणि "न्हाई वहिनी, निघायचंय" असं आल्या आल्या सांगू नका. तीन वर्षं झाली, तुम्ही निघालेल्याच आहात. मांजरीहून बिबवेवाडीला यायला काय बोटीत बसावं लागतं? मी फोन केला की "बरं हाय" म्हणता, जेवण झालं का विचारता आणि ठेवून देता. मला बोलायचं असतं ते माझ्या गालातच राहतं, सुपारीच्या खांडासारखं. फोन ठेवता येतो हो. हे मात्र छापून येणार आहे. तुमची सूनबाई मोठ्याने वाचून दाखवेल, तिला मध्येच "ठेव" म्हणून बघा बरं.

बाकीच्या वाचकमंडळींनी रागावू नये. ह्या आमच्या नणंदबाई, शकुंतला. माझ्या यजमानांची धाकटी बहीण, मांजरीला शेतकऱ्यांच्या घरात दिलेली. आणि मी म्हणजे बिबवेवाडीत तीस-एक वर्षं शोभेच्या माशांचं दुकान चालवणारी बाई. दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं, तिथं आता मोमो मिळतात. ह्या अंकाच्या संपादकबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, "काकू, धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, लिहीन, पण मला एकीलाच सांगायचंय. तर तुम्ही सगळे शेजारी बसून ऐका, माझी ना नाही. धंद्याचंही सांगते ओघात.

दुकानात मासे ह्यांचे आणि पाण्यातली झाडं माझी, अशी आमची वाटणी होती. फोनवर कुणी विचारायचं, "सुरमई कशी दिली?" मी म्हणायची, "अहो, आमच्याकडचे मासे लोक जगवायला नेतात." झाडांचं मला कुणी शिकवलं नाही. माझं शिक्षण दहावी, आणि ह्या विषयावरचं पुस्तक मी आजतागायत उघडलेलं नाही. जे शिकले ते मेलेल्या झाडांकडून. नळाचं पाणी आल्या आल्या टाकीत ओतायचं नाही, एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून जातं. वाळू तांदळासारखी धुवायची, पाणी निवळशंख येईपर्यंत. नवी झाडं तुरटीच्या पाण्यात बुडवून काढायची, नाहीतर एक गोगलगाय येते आणि महिन्याभरात तिची सोसायटी होते. हे म्हणायचे, "माझे मासे मेले की पोट वर करून सांगतात तरी. तुझ्या झाडांचा नुसता चहाचा चोथा होतो. चोरी सापडत नाही, तुझं बरं आहे."

त्या सगळ्या झाडांत माझं नाव झालं ते अंबुलीनं. अंबुली कशी असते? बाटली धुवायचा ब्रश असतो ना, तो हिरवा करा आणि पिसासारखा मऊ करा. सरळ दांडा, त्याला बोटबोट अंतरावर बारीक धाग्यांसारख्या पानांची गोल झालर. पाणी हललं की सगळी टाकी मान डोलावते. तिच्यासारखी दिसणारी झाडं बाजारात दोन-तीन आहेत, बाहेरून पिशव्यांतून येतात. दिसायला तीच, फरक फक्त चुरडल्यावर कळतो. आपल्या अंबुलीचं पान चोळलं की वास येतो, लिंबाच्या पाल्यात कापराची वडी कुस्करल्यासारखा. बाजारातली चोळली तर पाण्याचाच वास.

आणि ही आमच्याकडे आली ती वन्सं, तुमच्या हातून. आठवतं का? आमचं दुकान नुकतं उघडलेलं, पहिलीच भाऊबीज. तुम्ही बसमधून उतरलात ते दुधाची किटली हातात धरून. मला वाटलं खरवसाचं दूध आणलं असेल, मी पातेलं घेऊन पुढे झाले. झाकण उघडलं तर आत हिरवा झुबका.

"आमच्या तळ्यातली अंबुली हाय," तुम्ही म्हणालात. "दादाच्या माशांस्नी सावली होईल. ह्यावर आमच्या म्हशीसुदिक खूश असत्यात."

"म्हशी खूश असतात ते झाड माझ्या दुकानात?" मी म्हटलं.

तेव्हा तुमच्या दादांनी एक पान तोडलं, बोटांत चोळलं आणि नुसतं नाकाशी धरून उभे राहिले. ते लहानपणी तुमच्या मामाच्या गावच्या तळ्यात पोहायला जात, तिथं हाच वास यायचा म्हणे. त्या दिवशी ओवाळायच्या ताटातलं निरांजन विझेपर्यंत बहीणभाऊ पानं चोळत बसला होतात आणि मी करंज्या घेऊन दारात.

मग तो नेमच झाला. दर भाऊबीजेला तुम्ही यायच्या, ओवाळायच्या, आणि निघण्याआधी बांगड्या मागे सारून टाकीत कोपरापर्यंत हात घालायच्या. एक पान तोडायचं, चोळायचं, वास घ्यायचा आणि म्हणायचं, "हाय. आपलीच हाय." सरकारी शिक्का बसल्यासारखं मला वाटायचं. पुढचं वर्ष धंदा करायला मी मोकळी.

लोक अंबुली न्यायला लांबून लांबून यायचे. त्यातले नग किती सांगू. खराडीचं एक आयटीतलं जोडपं आठवड्याभरात परत आलं. "काकू, सगळं मेल्ट होतंय! आम्ही तर डेली पाणी चेंज करतो, डेली!" मी म्हटलं, "बाळांनो, तुम्हाला कुणी डेली घर बदलायला लावलं तर तुम्हीही मेल्ट व्हाल." एक बाई तर भांडायलाच आल्या, की तुमचं झाड पळून गेलं, चोवीस तासांत टाकी रिकामी. विचारलं, मासे कोणते? तर म्हणे गोल्डफिश. गोल्डफिशला अंबुली म्हणजे भेळेवरची कोथिंबीर. तुम्ही सांगायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. खरंच होतं, सांगायला हवं होतं.

आणि वारज्याचे मास्तर. निवृत्त गणित शिक्षक, हाफ शर्टाच्या खिशाला दोन पेनं. एक जुडी न्यायला आले आणि तासभर उलटतपासणी. जुडीला बुडाशी शिशाची पट्टी का गुंडाळली? तरंगू नये म्हणून. मग ती काढायची की ठेवायची? काढायची, नाहीतर दांडा तिथंच सडतो. "म्हणजे आपण सडवायची सोय करून विकता." मी हात जोडले. जाताना विचारलं, "कापल्यावर काय लावायचं? वरचं की खालचं?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सगळ्यांना समजावून सांगते. अंबुली उजेडाकडे चढते. वरचा शेंडा भरगच्च होतो आणि त्याची सावली त्याच्याच बुडावर पडते. मग खालची पानं गळतात, दांडा उघडा पडतो. महिन्या-दीड महिन्याने कापावंच लागतं. कापलं की हातात शेंडा येतो आणि वाळूत बुडखा राहतो. नवख्या माणसाला वाटतं, मुळं बुडख्याला आहेत, तर तो ठेवावा. तसं नाही. बुडखा उपटून फेकायचा आणि शेंडा लावायचा. शेंड्याला मुळं नसतात, पण आठवड्यात फुटतात, कारण जोर सगळा त्याच्यात. बुडखाही फुटतो, नाही असं नाही, पण प्रत्येक खेपेला आणखी बारीक, आणखी फिका, आणि एके दिवशी संपतो.

"शेंडे लावा, बुडखे फेका," मी मास्तरांना सांगितलं. सगळ्यांनाच सांगत असे.

आणि स्वतः काय करत होते? उलटं. ह्या धंद्यात सगळे तेच करतात. गिऱ्हाईक येतं ते शेंडा बघून. उघडा दांडा कोण घेणार? म्हणून शेंडे जुडीत बांधायचे, बुडखे आपल्याला ठेवायचे, आणि त्यांना फूट यायची वाट बघायची. इतकी वर्षं ते निभलं ते ह्यांच्यामुळे. मागच्या भिंतीची एक टाकी ह्यांची होती. तिच्यात दर खेपेला शेंडेच लावायचे, आणि तिला विकायची कात्री लागू द्यायचे नाहीत. मी कधी हात घातलाच तर म्हणायचे, "ती शकूची आहे. तिकडे नाही."

हे गेले. वन्सं, तुम्ही त्यानंतरही भाऊबीजेला येत राहिलात. ओवाळायला भाऊ नव्हता, तरी दुकानात यायच्या, टाकीत हात घालायच्या, "हाय" म्हणायच्या आणि माझ्याबरोबर चहा घेऊन जायच्या. त्याचं मोल मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग एका वर्षी श्रावणात तुमचा फोन आला. "वहिनी, तळं बुजवलं आज. बिल्डरनं वरनं मुरूम टाकला." आणि तुम्हीच म्हणालात, "आता अंबुली तुमच्याकडंच ऱ्हायली. जपा."

"जपते," मी म्हटलं. माझ्या कानात आहे अजून तो माझाच आवाज.

आणि त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला एक हॉटेलवाले आले. त्यांना दारातच भिंतभर टाकी करायची होती. दुकानभर फिरले आणि मागच्या भिंतीशी थांबले. "काकू, असा शेंडा मी अख्ख्या पुण्यात पाहिला नाही." झालं. खरं सांगते, पैशासाठी नाही दिले मी. त्या वाक्यासाठी दिले. पुण्याच्या चांगल्या हॉटेलात दारातच माझी अंबुली डुलणार, लोक विचारणार कुठून आणली! मी पुढच्या टाक्या कापल्या, पुरलं नाही. मग ह्यांची टाकी कापली. एकूण एक शेंडा. मनात म्हटलं, बुडखे आहेत की, फुटतील.

नाही फुटले. ऑक्टोबरचा उकाडा, पुढचे बुडखे जुने, दमलेले, आणि ह्यांच्या टाकीतले तर हे गेल्यापासून मी कापलेच नव्हते, सावलीत उघडे पडलेले. आठ दिवसांत काळे पडले, दहाव्या दिवशी चोथा. मी हॉटेलात धावले, चार शेंडे परत मागायला. तिथं टाकीत मोठे गोल्डफिश सोडलेले. मालक कौतुकाने म्हणाले, "सोनेरी मासे शुभ असतात." कोथिंबीर संपलेली होती.

भाऊबीज तीन दिवसांवर. आणि मी काय केलं ते आता लिहिते, कारण तोंडाने माझ्याच्याने सांगवलं नाही. बाजारातली झाडं मागवली, तशीच दिसणारी, आणि ह्यांच्या टाकीत लावली. लांब चिमट्याने एकेक शेंडा, ओळीत, सारख्या उंचीचे. माझं काम इतकं सुबक कधी झालं नव्हतं. त्याआधी कोरोनात माझा वास गेला होता. बाकी सगळं बरं झालं, नाक काही परत आलं नाही. फोडणी करपली तरी मला डोळ्यांनी कळतं. मी ते पान चोळलं, काहीच आलं नाही. मला तर कशालाच वास येत नव्हता. आणि माझं डोकं बघा, मला वाटलं, मला येत नाही म्हणजे तुम्हालाही कळणार नाही.

तुम्ही आलात. चकलीचा डबा गल्ल्यावर ठेवलात, दादांच्या फोटोला कुंकू लावलंत. बांगड्या मागे सारल्यात. पान तोडलंत, चोळलंत, नाकाशी नेलंत. परत चोळलंत. परत नेलंत. मग माझ्याकडे बघितलंत.

"हाय ना?" मी विचारलं. मीच विचारलं, इतकी वर्षं कधी विचारावं लागलं नव्हतं.

"छान वाढलीया," तुम्ही म्हणालात आणि हात पदराला पुसलात. चहा उभ्यानेच घेतलात. डबाही रिकामा करून घ्यायला थांबला नाहीत. तो डबा अजून माझ्या फडताळात आहे, वन्सं. तुम्ही एक शब्द बोलला असतात, "वहिनी, ही न्हाई" एवढंच, तर मी तुमच्या गळ्यात पडून रडले असते. तुम्ही तुमच्या परीनं माझी लाज राखलीत. आणि परत आला नाहीत.

त्यानंतर मी एकच धंदा केला, आपली अंबुली शोधायचा. मांजरीला तळं नव्हतं, पण मी इतकी वर्षं जुड्या विकल्या होत्या, कुणाच्या तरी टाकीत ती असेलच. दुकान बंद केल्यावर तर वेळच वेळ. आठवेल त्या गिऱ्हाइकाच्या दारात गेले. धनकवडीत एकांनी टाकीत चपला ठेवल्या होत्या. दुसरीकडे टाकीत मुलाची खेळणी. कात्रजच्या एका बाईंनी आत जाऊन एक झाड आणून दाखवलं, ते प्लास्टिकचं निघालं. "ह्याचं काही करावं लागत नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या घरचं सरबत पिऊन आले.

शेवटी ह्या पावसाळ्यात वारजे. मास्तर आठवत होते, घर आठवत नव्हतं. चार सोसायट्या फिरल्यावर एका दारावर पाटी दिसली, "काम असल्यासच बेल वाजवावी." म्हटलं, हेच घर.

दार उघडून मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आपण? दुकानदारबाई ना? जुडी परत घ्यायला आलात? बारा वर्षं उशीर झाला."

"मास्तर, अंबुली आहे का हो अजून?"

"आपला आपल्या मालावर एवढाही विश्वास नाही?"

आत नेलं. खिडकीशी जुनीच टाकी, काच पुसलेली. आणि आत, वन्सं, तीच झालर. ओळीत, भरगच्च, मान डोलावत. टाकीवर एक कागद चिकटवला होता, पाण्याच्या शिंतोड्यांनी पिवळा पडलेला. मास्तरांचं शाळेतलं अक्षर: "शेंडे लावणे. बुडखे फेकणे. इति दुकानदारबाई." खाली प्रत्येक कापणीची रेघ. रेघाच रेघा. मी सांगितलेलं बारा वर्षं कुणीतरी ऐकलं होतं.

मास्तरांना मी सगळं सांगितलं. तळं, हॉटेल, बाजारची झाडं, तुमचा पदर. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आपण गिऱ्हाइकाला उत्तर बरोबर सांगितलंत आणि स्वतःच्या वहीत चूक लिहिलंत."

"हो."

"मग मी आपल्याला का द्यावं? आपण पुन्हा बुडखे ठेवाल."

"आता विकायला दुकानच नाही, मास्तर."

त्यांनी कात्री आणली, चार शेंडे कापले, बरणीत पाणी भरून त्यात ठेवले आणि बरणीचं झाकण लावताना म्हणाले, "बरणी परत हवी. आणि त्या बाई काय म्हणतात ते मला कळवा. अपुरं गणित मला आवडत नाही."

बसमध्ये मी बरणी मांडीवर धरून बसले होते. एका मुलीने जागा दिली. "आजी, पिकल आहे का?" म्हणाली. मी म्हटलं, "माहेर आहे." तिला काय कळलं देव जाणे.

चारातला एक गेला, तीन धरले. गॅलरीत लहान पण खोल टाकी केली आहे, मळ्यातली माती खाली, वर धुतलेली वाळू. बगलेला फुटवे येऊन तिनांचे आता नऊ झालेत. शेंडेच लावते, बुडखे फेकते. पहिला बुडखा दोनदा केरातून परत उचलला, मुळं असलेलं टाकवत नाही. नंतर सवय झाली.

पण वन्सं, एक गोष्ट राहिली आहे. ही आपलीच आहे का, हे मला माहीत नाही. मास्तर म्हणतात तीच जुडी, मध्ये दुसरं काही आणलं नाही. दिसायला तीच. पण दिसण्यावर मी एकदा तुम्हाला फसवलं आहे. रोज सकाळी एक पान चुरडते, नाकाशी नेते, आणि नुसतं ओलं लागतं. ह्यांच्या बोटांना यायचा तो वास मला आठवतो, आठवतो म्हणजे आठवतो असं वाटतं, पण पानातून येत नाही. शेजारणीला हुंगायला दिलं, ती म्हणाली, कसला तरी पाल्याचा येतो; एवढ्याने काही शिक्का बसत नाही. तो ओळखणारं नाक आता एकच उरलंय आणि ते मांजरीला सातव्या मजल्यावर रुसून बसलंय.

तुमच्या त्या मजल्यावर गेल्या वर्षी वास्तुशांतीला आले होते मी, तेव्हाही हे सांगायचं धैर्य झालं नाही. खाली तळं होतं ती जागा तुम्ही बोटाने दाखवली होतीत, आता तिथं गाड्या लागतात. बाल्कनीत कपडे वाळत घालता ना, त्याच्याखाली उजेड चांगला येतो. मी तेव्हाच बघून ठेवलंय. एक टाकी तिथं आरामात बसेल.

ह्या खेपेला मी कात्री लावलेली नाही. शेंडे पाण्याच्या वर पोचले, आता आडवे होऊन पसरलेत. पसरू देत. तुम्ही आल्याशिवाय कापणार नाही. तुम्ही हात घाला, पान चोळा आणि काय ते तोंडावर सांगा. नसली तर "न्हाई" म्हणा, मी पुन्हा शोधायला लागेन, पण ह्या वेळी चहा उभ्याने घेऊ नका. असली तर शेंडे सगळे तुमचे.

भाऊबीजेपर्यंत थांबू नका, वन्सं. उद्या या, परवा या. डबा घासून ठेवलाय. हातातल्या बांगड्या जरा कमी घालून या, ही टाकी खोल आहे.